सतराव्या कप्प्यातले पाच मार्क

१

शुक्रवारी संध्याकाळी सहाला पेटी उघडली आणि आत पत्रा दिसला. नुसता पत्रा.

पेटी माझ्या गुत्त्यात काउंटरच्या उजव्या हाताला भिंतीत ठोकलेली आहे. लोखंडी, हिरवी. पुढून वीस फटी, मागे वीस कप्पे, प्रत्येक कप्पा एकेका सभासदाचा. गेल्सेनकिर्शेन ह्या कोळसाखाणींच्या जर्मन गावात, आमच्या टोकाला, अशी पेटी नसलेला गुत्ता शोधून दाखवा. आठवड्याला निदान पाच मार्क टाकायचे. नाही टाकले तर एक मार्क दंड, आणि शुक्रवारी सगळ्यांच्या देखत नंबर पुकारतात. दंडाचं कोणाला काही वाटत नाही. पुकारल्याचं वाटतं.

त्या वर्षी आम्ही बाड एम्सला जायला साठवत होतो. पाच रात्री, गरम झऱ्यांचं पाणी, सकाळ-संध्याकाळ जेवण. माणशी दोनशे सत्तर मार्क. मार्च ते सप्टेंबर, तीस आठवडे पाच-पाच टाकून तीन हजार झाले होते, ते लॉजवाल्यांना आगाऊ म्हणून भरायला अध्यक्षांनी नेले होते. मग दोन आठवडे सूट, आणि राहिलेले एकशेवीस प्रत्येकानं या आठवड्यात एकदम टाकायचे. वीस माणसं, चोवीसशे मार्क. मंगळवारी रात्री एकोणीस जणांनी माझ्या डोळ्यांसमोर नोटांच्या घड्या फटींत सारल्या. विसावीनं सोमवारीच सारल्या होत्या.

आणि आता पत्रा.

"थांबा," अध्यक्ष डिकमान म्हणाला. त्यानं पेटीत हात घातला आणि दोन बोटांत धरून एक नाणं वर काढलं. पाच मार्कांचं. "एका कप्प्यात आहे."

"कुठल्या?" कोणीतरी ओरडलं.

डिकमाननं चष्मा सारखा केला. त्याला घाई नव्हती. खाणीत तो मुकादम होता, माणसांना ताटकळत ठेवायची सवय तिथलीच.

"सतरा," तो म्हणाला.

सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या.

२

सतरा नंबर वॉल्ट्राउट काच्मारेकचा.

वॉल्ट्राउट एकसष्ट वर्षांची. सव्वीस वर्षं तिनं खाणीतल्या न्हाणीघराच्या फरशा घासल्या, गुडघ्यांवर बसून. हजार माणसं काळी येत आणि गोरी होऊन घरी जात, त्यांचा सगळा काळा चिखल हिच्या गुडघ्यांखाली. आता गुडघे असे झालेत की जिना चढताना ती कठड्याशी भांडते. डॉक्टरनं तीनदा लिहून दिलं, हिला झऱ्याच्या पाण्याचा उपचार हवा. विमावाल्यांनी तीनदा नाकारलं. तिसऱ्या वेळी लिहिलं, 'घरच्या घरी गरम पाण्याचा शेक पुरेसा आहे.' ज्यानं लिहिलं त्याच्या गुडघ्यांना देव सुखी ठेवो, ते कधी फरशीला टेकलेले नसणार.

तर ही सहल मुळात तिचीच. "नाही पाठवत ना? मग आपणच जाऊ," असं मार्चमध्ये तीच म्हणाली होती. पिठाच्या कागदी पिशवीच्या पाठीवर तिनं सगळा हिशोब मांडला. खोली-जेवण दोनशे, बस चाळीस, तिथला पाहुणेकर पंधरा, स्नानगृहाची तिकिटं पंधरा. वाटेत हॉटेलात थांबायचं नाही, पाव घरून बांधून न्यायचे. आम्ही तिला खजिनदार केलं. पेटीच्या कुलपाच्या दोनच किल्ल्या, एक तिच्याकडे, एक डिकमानकडे. दोघांनी एकत्र उघडायचं असा नियम. पण कुलूप एकच, नियम काही कुलपात बसत नाही.

"मी बुधवारी पहाटे सहाच्या गाडीनं एम्सला गेलो," डिकमान म्हणाला. "आपल्याच कामाला, खोल्या बघायला. आज दुपारी तीनला उतरलो. हे तिकीट. वॉल्ट्राउट, तू कुठं होतीस?"

"इस्पितळात. ठाऊक आहे सगळ्यांना. मंगळवारी दुपारी टॅक्सीतून नेलं. गुडघ्यातलं पाणी काढलं. काल संध्याकाळी सोडलं."

"आणि आज सकाळी?"

वॉल्ट्राउटनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आज सकाळी आठ ते नऊ ती माझ्याच गुत्त्यात पोछा मारत होती. लंगडत. एकटी, कारण मी बाजारात गेले होते. दर बुधवारी आणि शुक्रवारी ती येते, तासाचे बारा मार्क घेते.

"आज आठ ते नऊ, किल्ली खिशात, आजूबाजूला कोणी नाही," डिकमाननं बोटांवर मोजलं. "आणि वर स्वतःच्या कप्प्यात पाच मार्क! चोरी केली, पण दंड नको म्हणून हप्ता टाकला. काय म्हणावं?"

लोक हसले. मला ते हसणं अजून ऐकू येतं. ज्यांचे अंग पुसायचे पंचे तिनं दोरीवर वाळत घातले, तेच हसले.

"मी सोमवारी एकशेवीस टाकले," वॉल्ट्राउट म्हणाली. "वीसच्या सहा नोटा. हे नाणं माझं नाही."

"रविवारी अकराला मतदान," डिकमान म्हणाला. "खजिनदारकी जाईल, सहलीतलं नाव जाईल. सोमवारी पोलीस. तोवर पैसे आणून ठेव बाई, आम्ही काही राक्षस नाही."

त्यानं नाणं खिशात टाकायला हात नेला.

"ते ठेव तिथंच, एगॉन," कोपऱ्यातून आवाज आला. "ह्या अख्ख्या पेटीत ते एकच प्रामाणिक आहे."

३

कोपऱ्यात आल्फोन्स प्रिबिला बसला होता. खाणीच्या दिवेघरात एकतीस वर्षं. खाली जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडून नंबराचा दिवा घ्यायचा आणि आपला पितळी बिल्ला खुंटीला लावायचा. बिल्ला खुंटीवर म्हणजे माणूस जमिनीखाली. स्फोट झाला की बायका आधी पाद्र्याकडे जात नसत, प्रिबिलाच्या खिडकीशी येत.

शनिवारी सकाळी तो आला, बिअर न मागता बसला.

"रोझविटा, सोमवारी तिनं नोटा टाकताना तू पाहिलंस?"

"पाहिलं. वीसच्या सहा. घडी जाड झाली म्हणून पेन्सिलीनं ढकलत होती."

"मग बघ. तिचे एकशेवीसही गेले. चोरानं वीसच्या वीस कप्पे खरवडले. म्हणजे हे नाणं चोरी झाल्यावर पडलंय. आधी पडलं असतं तर तेही गेलं असतं."

"हे डिकमानही म्हणतो. चोरी करून तिनं टाकलं म्हणतो."

"आठवड्याचा हप्ता तिनं चोवीसपट भरून ठेवला होता. दंड कशाचा टाळायचा?" तो टेबलावर बोटं वाजवत बसला. "हे नाणं अशा माणसानं टाकलं, ज्याला तिचे एकशेवीस ठाऊक नव्हते. ज्याला वाटलं, बिचारी इस्पितळात, शुक्रवारी तिचा नंबर पुकारतील."

माझ्या हातातला ग्लास थांबला. अशी रीत आहे आमच्यात. कोणी आजारी पडलं, कोणाची नोकरी गेली, तर कोणीतरी गुपचूप त्याच्या फटीत पाच मार्क सारतं. पण कोणी सारले हे कधीच बोलायचं नाही. घेणाऱ्यानं विचारायचं नाही, देणाऱ्यानं सांगायचं नाही. सांगितलंत तर ती भीक होते.

"म्हणजे तो माणूस तोंड उघडणार नाही," मी म्हणाले.

"नाही उघडणार. पण तेव्हा किती वाजले होते ते मला हवंय."

तेव्हा मला आठवलं. "बुधवारी! बाराच्या सुमाराला! मी आत बटाटे सोलत होते. बाहेर खणकन आवाज झाला, पत्र्यावर नाणं पडल्यासारखा. मी बाहेर आले तर दार हलत होतं, माणूस नव्हता."

"खणकन?" प्रिबिला उठलाच. "नोटांच्या गादीवर नाणं पडलं तर वाजतं का गं?"

पण माझ्या कानांवर कोण विश्वास ठेवणार? वॉल्ट्राउट माझ्याकडे काम करते, मी तिची बाजू घेणारच. आम्हाला तो माणूस हवा होता.

आधी आम्ही डिकमानकडे गेलो. तो अंगणात नवी कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागं ओढायचं चाकांवरचं घर, पुसत होता. पांढरी, निळ्या पट्ट्याची, पुढं नवाकोरा मांडव.

"छान आहे," प्रिबिला म्हणाला. "केवढ्याला?"

"मावशी वारली माझी. तिचे आले." डिकमाननं फडकं पिळलं. "आणि तू दिवेवाल्या, पोलीस कधीपासून झालास?"

"मी कुठला पोलीस! एम्सला खोल्या कशा आहेत एवढंच विचारायला आलो."

"स्वच्छ. पण तुझ्या मैत्रिणीला दिसणार नाहीत."

प्रिबिलानं टोपीला हात लावला. वळताना मला हळूच म्हणाला, "मावशीचा दफनविधी झाला, आणि ह्या गल्लीत कोणाला दफनानंतरची रीतीची साधी कॉफी मिळाली नाही. अशी कुठली मावशी?"

४

वॉल्ट्राउट तिसऱ्या मजल्यावर राहते. आम्ही जिना चढू लागलो आणि प्रिबिला पहिल्याच वळणावर थांबला.

"ह्या आठवड्यात जिना धुवायची पाळी कोणाची?"

मी वर बोट दाखवलं. वॉल्ट्राउटच्या दाराला पाळीची पाटी टांगलेली होती. आमच्याकडे ही पाटी दर सोमवारी एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते. जिच्या दारावर पाटी, तिनं जिना धुवायचा. यावरून लग्नं मोडली आहेत.

"पाळी हिची. ही मंगळवार ते गुरुवार इस्पितळात. आणि पायऱ्या बघ," तो म्हणाला.

पायऱ्या आरशासारख्या होत्या. कोपऱ्यातसुद्धा धूळ नव्हती.

समोरचं दार एल्फ्रीड ग्राबोव्स्कीचं. एल्फ्रीड आणि वॉल्ट्राउट नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण हाच जिना. एकीनं दुसरीला म्हटलं होतं, "तुझ्या धुण्यापेक्षा माझं न धुणं बरं." झालं. नऊ वर्षं. गुत्त्यात एक डावीकडे बसे, दुसरी उजवीकडे.

प्रिबिलानं एल्फ्रीडचं दार वाजवलं.

"काय आहे?" फटीतून अर्धं तोंड दिसलं.

"जिना छान धुतलायस."

"माझी पाळी नाही."

"म्हणून तर म्हणतो."

दार बंद होऊ लागलं. प्रिबिलानं बूट मध्ये घातला. "एल्फ्रीड, तू मंगळवारी टॅक्सी पाहिलीस. तिला धरून उतरवताना पाहिलंस. बुधवारी बाराला हिच्या..."

"माझ्या गुत्त्यात," मी म्हणाले.

"...हिच्या गुत्त्यात गेलीस."

"मी कुठं गेले नाही. आणि त्या बाईशी माझा काही संबंध नाही. ती काठावरची धूळ आत सारते. सगळ्या इमारतीला ठाऊक आहे."

"उद्या तिला चोर ठरवतील."

"मग ठरवू दे! मी बोलले तर ती म्हणेल, ग्राबोव्स्कीनं मला भीक घातली. आयुष्यभर तोंडावर मारेल. तुला माहीत नाही ती."

"मला माहीत आहे. म्हणूनच सांगतो, तुझं बोलणंच खरं धरतील. तिच्या मैत्रिणीचं कोणी धरणार नाही."

एल्फ्रीडनं बूट बाहेर ढकलला आणि दार आपटलं. जिना दणाणला.

"संपलं," मी म्हणाले.

"बघू," प्रिबिला म्हणाला. पण त्याचा चेहरा खुंटीवर बिल्ला तसाच लटकलेला पाहावा तसा झाला होता.

५

रविवारी अकरा. चर्चमधून लोक थेट गुत्त्यात आले. डिकमान टाय लावून काउंटरपाशी उभा. वॉल्ट्राउट खुर्चीवर, काठी मांडीवर. डाव्या बाजूची एल्फ्रीडची खुर्ची रिकामी.

"काच्मारेकबाईंना काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," डिकमान म्हणाला.

पाच हात वर गेले. मग आठ. वॉल्ट्राउट एकेका हाताकडे बघत होती, कोणाचा ते लक्षात ठेवत होती. नववा हात चाचरत उठत होता तेवढ्यात दार उघडलं. एल्फ्रीड. चर्चची टोपी घालून.

"खाली करा ते हात, मूर्खांनो," ती म्हणाली. "नाणं माझं."

वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

"बुधवारी बाराला टाकलं. चर्चची घंटा वाजत होती. मला वाटलं हिनं काही टाकलेलं नाही. आणि तू," ती वॉल्ट्राउटकडे वळली, "तू ह्यावरून एक शब्द काढलास तर पाच मार्क परत घेईन. मला तू आवडत नाहीस. कोपरे तुला धुता येत नाहीत. पण तू चोर नाहीस."

"कोपरे मला येतात," वॉल्ट्राउट म्हणाली. नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.

"शेजारणीला वाचवायला खोटं बोलते ही!" डिकमान ओरडला, आणि त्याची तीच चूक झाली. सगळा गुत्ता खदखदून हसला. ह्या दोघींपैकी एक दुसरीला वाचवायला खोटं बोलेल? त्यापेक्षा खाणीतून बर्फ निघेल.

प्रिबिला उठला. "सोपं आहे गड्यांनो. नाणं बुधवारी बाराला पडलं आणि शुक्रवारपर्यंत शाबूत राहिलं. म्हणजे चोरी त्याआधी झाली. मंगळवारी रात्री पेटी भरलेली, बुधवारी दुपारी रिकामी. कुलूप फोडलेलं नाही. किल्ल्या दोन. वॉल्ट्राउटची किल्ली तिच्या पिशवीत, पिशवी इस्पितळात तिच्या उशाशी, ती स्वतः पलंगावर. शुक्रवारी सकाळी तिनं पोछा मारला तो रिकाम्या पेटीखाली. राहिली एक किल्ली." तो डिकमानकडे वळला. "मंगळवारी रात्री यादी तपासायला म्हणून शेवटी कोण थांबलं होतं, रोझविटा?"

"हा," मी म्हणाले. "मी तळघरात पिंप बदलायला गेले होते. दहा मिनिटं."

"मी एम्सला गेलो होतो!" डिकमान म्हणाला. टाय सैल करायला त्याची बोटं धडपडत होती. "तुमच्याच कामाला!"

"ते मी खरंच धरतो. मला एवढंच कळेना, तीन हजार सप्टेंबरातच भरलेत, तर खोल्या बघायला कशाला गेलास? चल, एम्सलाच विचारू."

माझ्या फोनला आवाज मोठा करायची पेटी जोडलेली आहे. खाणीनं अर्ध्या गिऱ्हाइकांचे कान खाल्लेत, काय करणार. प्रिबिलानं नंबर फिरवला. घंटी सगळ्या गुत्त्यात घुमली. डिकमान दाराकडे सरकला. दारात एल्फ्रीड उभी होती. ती हलली नाही.

"नमस्कार बाई, गेल्सेनकिर्शेनहून बोलतोय. वीस माणसं, नोव्हेंबर. आमच्या आगाऊ रकमेचं काय झालं?"

"अहो, मिळाली एकदाची!" बाईंचा आवाज भिंतींवर आदळला. "दोन पत्रं पाठवली मी तुमच्या डिकमानसाहेबांना. सप्टेंबरअखेर तीन हजार यायचे होते, एक फेनिंग नाही! गुरुवारपर्यंत नाही आले तर खोल्या दुसऱ्यांना देणार, असं कळवलं. तेव्हा बुधवारी दुपारी धावत आले. चोवीसशे. राहिलेले सहाशे नंतर देतो म्हणाले."

"रोख?"

"रोख? दहा-वीसच्या नोटा, सगळ्या घड्या घातलेल्या! इस्त्री करायला बसले होते मी. कसल्या हो घड्या त्या?"

प्रिबिलानं पेटीच्या फटीकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. अंगठ्याएवढी रुंद फट.

"बचतीच्या, बाई," तो म्हणाला. "आणि खोल्या?"

"पावती झाली, खोल्या तुमच्या! कोण घेतो आता?"

फोन ठेवला. मग वॉल्ट्राउट काठी टेकत उठली. ती डिकमानपुढं जाऊन उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या टायपर्यंतच पोचत होतं.

"आमचे तीन हजार कॅरॅव्हॅनला चाकं लावून अंगणात उभे आहेत," ती म्हणाली. "आणि ते झाकायला आमचेच चोवीसशे नेऊन भरलेस. मला चोर म्हणून."

"मी परत टाकणार होतो... वसंतात..."

"हात वर करा," वॉल्ट्राउट सगळ्यांना म्हणाली. "कॅरॅव्हॅन शनिवारपर्यंत विकायची, तीन हजार पेटीत, नाहीतर सोमवारी तुझेच पोलीस. कोणाकोणाला पटतं?"

अठरा हात. आणि एकोणिसावा तिचा. मी पण काउंटरमागून हात वर केला, मी सभासद नाही तरी.

६

कॅरॅव्हॅन शुक्रवारीच एका डच माणसानं नेली. तीन हजार दोनशे. दोनशे वॉल्ट्राउटनं डिकमानला परत दिले, मोजून, सगळ्यांसमोर. "आम्ही काही राक्षस नाही," म्हणाली. विसावी जागा मला मिळाली. गुत्ता पाच दिवस बंद, ही पाटी मी आनंदानं लावली.

राहिलेल्या तीन हजारांचा हिशोब फेनिंगपर्यंत जुळला: लॉजचे सोळाशे, बसचे आठशे, कर तीनशे, तिकिटं तीनशे. बसमध्ये पावांचे डबे उघडले, उकडलेली अंडी फुटली, कोब्लेंझच्या अलीकडेच कोणीतरी खाणीचं गाणं धरलं. वॉल्ट्राउट आणि एल्फ्रीड शेजारीशेजारी बसल्या होत्या आणि वाटभर भांडत होत्या. बटाट्याच्या सॅलडमध्ये काकडी घालतात की नाही, यावरून.

स्नानगृहाच्या काउंटरवर पांढऱ्या कपड्यातली एक पोरगी होती. तिनं आमच्या घोळक्याकडे पाहिलं. जाड हात, काळ्या रेषा राहून गेलेली नखं, काठ्या. मग एक फॉर्म पुढं सारला. नाव, गाव, आजार. सर्वांत खाली छापलेलं होतं: खर्च कोणाचा?

"आजी, इथं विमा कंपनीचं नाव लिहा," पोरगी म्हणाली. "कोणी पाठवलं तुम्हाला?"

वॉल्ट्राउटनं पेन घेतलं. मोठ्या, गोल, चौथी पास अक्षरांत तिनं लिहिलं: 'आमचा.'

मग काठी भिंतीला टेकवून ठेवली, कठडा धरला, आणि वाफाळत्या पाण्यात एक-एक पायरी उतरत गेली. गुडघे बुडाले तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं हसली की तलावातले सगळे रोगी वळून बघू लागले.